सम्राटाचं पिस्तूल आणि त्यावरची नक्षी

मंडळी, आज आपण एकाच वस्तूपाशी थांबू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सम्राट पाचव्या चार्ल्सचं एक दुनळी पिस्तूल आहे. म्युनिकच्या पीटर पेक यानं ते १५४०-४५च्या सुमारास घडवलं. हा पेक घड्याळंही करायचा, आणि ते या कामात दिसतं. चावीनं स्प्रिंग ताणून ठेवायची. चाप ओढला की दातेरी चाक गरकन फिरतं, पायराइटच्या खड्यावर घासून ठिणग्या पडतात, दारू पेटते. दोन नळ्यांसाठी अशा दोन रचना एकाच यंत्रात बसवल्या आहेत. दस्ता चेरीच्या लाकडाचा, त्यात हरणाच्या शिंगाचं जडावकाम.

अशा वस्तूसमोर आपण एकतर ‘काय कारागिरी!’ म्हणतो, नाहीतर ‘शेवटी मारायचंच हत्यार’ म्हणून पुढे सरकतो. दोन्ही वेळा नक्षी वाचायची राहून जाते. इथे दोन डोक्यांचा गरुड आहे, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्य. हर्क्युलिसचे दोन खांब आहेत, म्हणजे जिब्राल्टर, जुन्या जगाची वेस. सोबत चार्ल्सचं लॅटिन ब्रीद आहे: ‘आणखी पलीकडे’. त्याच्याच कारकिर्दीत मेक्सिको आणि पेरू स्पेनच्या ताब्यात गेले, हे लक्षात ठेवलं की ही चिन्हं नुसती शोभेची उरत नाहीत.

आता आणखी एक गोष्ट बघा. जुन्या बंदुकीला पेटती जामगी लागायची. ती लपणार कशी? चाकाच्या या पिस्तुलाला जामगी नको, त्यामुळे भरलेलं हत्यार झग्याखाली सहज दडवता येई. याच भीतीपोटी सम्राट मॅक्सिमिलियननं १५१७-१८मध्ये अशा हत्यारांवर बंदी घातली. मॅक्सिमिलियन हा चार्ल्सचा आजोबा! आजोबांनी जे मारेकऱ्याचं साधन मानलं, तेच नातवाकडे राजचिन्हं लेवून आलं.

आमच्या मते या कलाकृतीची खरी ताकद इथेच आहे, आणि तिचा धोकाही. नक्षीनं यंत्राला प्रतिष्ठा दिली. संग्रहालयातली काच आज ती प्रतिष्ठा आणखी वाढवते. म्हणून सौंदर्य नाकारायचं का? मुळीच नाही. पेकचं कसब अस्सलच आहे. पण त्याचं कौतुक करताना त्या बंदीची आठवणही शेजारी ठेवली, तरच आपण ही वस्तू पुरती पाहिली असं म्हणता येईल.