पोलादाचे 'जीवनसत्त्व' : एका उपमेची तपासणी

सीरियम, लँथॅनम यांसारख्या विरल मृत्तिका मूलद्रव्यांना, कारखान्याच्या भाषेत 'रेअर अर्थ'ना, 'उद्योगाची जीवनसत्त्वे' म्हणण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पोलादाच्या बाबतीत या उपमेचा अर्थ असा लावला जातो : वितळलेल्या पोलादात चिमूटभर सीरियम टाकले की त्याचे कण बारीक होतात आणि पोलाद बळकट बनते. अल्प मात्रेचा मोठा परिणाम होऊ शकतो, एवढे या उपमेतून बरोबर कळते. पण तो परिणाम कसा होतो आणि कधी होत नाही, हे तिच्यामुळे झाकले जाते. म्हणून वर्गात ती वापरण्यापूर्वी तपासून पाहिलेली बरी.

आधी कणांचे पाहू. तूप कढवून सावकाश निवू दिले तर छान रवाळ होते. तेच भांडे गार पाण्यात ठेवले तर रवा बारीक पडतो. सावकाश निवताना स्फटिकांची सुरुवात थोड्याच ठिकाणी होते आणि प्रत्येक स्फटिक ऐसपैस वाढतो. ओतीव पोलादाचेही तसेच. जाड ओतकामाचा गाभा हळू गोठतो, म्हणून तिथले कण भरड असतात. तुपात आपल्याला रवा हवा असतो, पोलादात नको. कणसीमांमुळे येणारी बळकटी कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे ई. ओ. हॉल (१९५१) आणि एन. जे. पेच (१९५३) यांच्या कामातून पुढे आले. व्यास एक चतुर्थांश झाला, तर बळकटीचा हा वाटा दुप्पट होतो. शिवाय चिवटपणाही वाढतो. बळकटी वाढवण्याच्या इतर बहुतेक उपायांत तो घटतो.

आता सीरियमकडे वळू. त्याचा द्रवणांक सुमारे ८०० अंश सेल्सियस आहे. १५०० अंशांच्या वर तापलेल्या पोलादात सीरियम धातू घन राहूच शकत नाही. तेव्हा ते स्वतः स्फटिकांचे बीज होत नाही. मात्र ऑक्सिजन आणि गंधक यांची त्याला विलक्षण ओढ असते. पोलादात उरलेल्या या दोन अशुद्धींशी संयोग पावून ते ऑक्साइड, सल्फाइड आणि ऑक्सिसल्फाइड यांचे सूक्ष्म घन कण बनवते. यांपैकी काहींची अणुरचना गोठणाऱ्या लोखंडाच्या जाळीशी बरीच जुळते, म्हणून लोखंडाचे अणू त्यांच्यावर सहज रचले जातात. जाळी जितकी जुळती तितके बीज चांगले, ही कल्पना टर्नबुल आणि व्हॉनेगट यांनी १९५२ मध्ये मांडली. ब्रॅमफिट यांनी १९७० मध्ये वितळलेल्या लोखंडात निरनिराळी कार्बाइडे व नायट्राइडे घालून ती तपासली. त्यांत टायटॅनियम नायट्राइड फार प्रभावी ठरले. थोडक्यात, सीरियमच्या बाबतीत अशुद्धीतूनच बीज घडते. जीवनसत्त्वाच्या उपमेत याला जागा नाही.

उपमेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अशुद्धी जास्त असेल तर हे कण मोठे होतात आणि पुंजके धरतात. द्रव पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट असते. ॲल्युमिनाची सुमारे ४ पट असल्याने ते तरंगून मळीत जाते. सीरियमच्या या संयुगांची ६ पटींच्या आसपास, त्यामुळे ती सहजी वर येत नाहीत. ती तोटीत साचून तोटी बुजवतात किंवा पोलादात अडकून राहतात. वारंवार ताण पडला की भेगेची सुरुवात अशा पुंजक्यापाशी होऊ शकते. म्हणूनच विरल मृत्तिका घातलेल्या पोलादाचे गुणधर्म अनेक दशके बेभरवशाचे राहिले. २०२२ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात दिआनझोंग ली आणि सहकारी या चिनी संशोधकांनी त्याचे कारण ऑक्सिजनयुक्त अशुद्ध कणांत असल्याचे दाखवले. पोलादात आणि घालावयाच्या विरल मृत्तिका धातूतही ऑक्सिजन अत्यल्प ठेवला, तेव्हा दशलक्षांश मात्रेनेसुद्धा आलटून-पालटून ताण व दाब सोसण्याचे आयुष्य ४० पटींनी वाढले. या फायद्याचे श्रेय त्यांनी बारीक बीजकणांना दिलेले नाही. कार्बनचे विसरण मंदावणे आणि कणसीमांवर फेराइट उशिरा तयार होणे, ही कारणे ते देतात. तेव्हा प्रत्येक लाभ 'कण बारीक झाले' या खात्यावर मांडणे चूक आहे.

आणखी एक मुद्दा हमखास सुटतो. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना गोठते. पुढे १३९४ आणि ९१२ अंशांना, घन असतानाच, त्याची स्फटिकरचना पालटते. पोलादातही असे बदल होतात, फक्त तापमाने निराळी असतात. त्यामुळे गोठताना पडलेले कण शेवटपर्यंत तसेच राहत नाहीत. सीरियम न घालता, योग्य उष्णतासंस्कारानेही कण बारीक करता येतात.

विद्यार्थ्याने असा दावा मांडला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. पोलादात आधी ऑक्सिजन व गंधक किती होते? कण मोजले ते उष्णतासंस्कारापूर्वी की नंतर? सीरियम न घातलेला, पण बाकी सर्व बाबतीत सारखा असा नमुना तुलनेला होता का? जीवनसत्त्व म्हटले की हे प्रश्न सुचत नाहीत, कारण पदार्थातच गुण आहे असे वाटते. बीज म्हटले की ते सुचतात. बी कुठे पडले आणि किती पडले, हे शेतकऱ्याच्या मुलाला विचारावेसे वाटतेच.