शिकाऱ्यांची कुत्री आणि गोअर्लीचे शेत

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार शिकारीचा मोठा शौकीन. घोड्यावर बसून, कुत्र्यांच्या टोळीमागून कोल्ह्याचा पाठलाग करण्यात त्याने कित्येक हिवाळे घालवले. अशा लेखकाने शेतकऱ्याची फिर्याद मांडावी, हेच त्याच्या ‘द अमेरिकन सिनेटर’ (१८७७) या कादंबरीचे नवल!

गोअर्ली या लहानशा जमीनमालकाचे पीक लॉर्ड रफर्डचे फेझंट पक्षी फस्त करतात. तो दावा लावतो. त्यातच रानात विष घातलेले मासे सापडतात, एक कोल्हा मरतो. शिकारी मंडळींच्या लेखी हे महापातक. अमेरिकेहून आलेला सिनेटर गॉटोबेड मात्र चकित होऊन विचारतो: दुसऱ्याच्या शेतातून घोडी नि कुत्री दौडवण्याचा हक्क यांना दिला कोणी?

प्रश्न बिनतोड आहे. पण ट्रोलप येथेच कच खातो. गोअर्लीला तो लबाड आणि फितूर ठरवतो. मग माणसाबरोबर त्याची फिर्यादही वाचकाच्या मनातून उतरते. हे वकिलाला शोभेल, कादंबरीकाराला नव्हे.

पुढच्याच वर्षी, १८७८ साली, इंग्लंडातील न्यायालयाने एका खटल्यात निर्णय दिला, की मालकाची मनाई असता केवळ खेळासाठी कोल्ह्यामागून त्याच्या जमिनीत शिरण्याचा हक्क कोणालाही नाही. तेथे प्रश्न मालकाच्या शीलाचा नव्हता, हक्काचा होता.

तरीही ही कादंबरी वाचावी. आपल्याच हौसेला अडचणीत टाकणारा प्रश्न ट्रोलपने प्रामाणिकपणे विचारला आहे. उत्तर वाचकाने द्यावे.