नांव बदललें, धनी तोच

नॉर्वेच्या सरकारी तेलकंपनीनें २०१८ सालीं 'स्टॅटऑइल' हें नांव टाकून 'इक्विनॉर' हें धारण केलें. कंपनी आतां केवळ तेलाची राहिली नाहीं, वाऱ्यापासून वीजही काढते, असें कारण देण्यांत आलें. 'ऑइल' या शब्दापुरतें तें ठीक. परंतु 'स्टॅट', म्हणजे राज्य, हा भाग कां गळावा? १९७२ सालीं कंपनी स्थापिली ती राज्यानें. २००१ सालीं ऑस्लो व न्यूयॉर्क येथील बाजारांत तिचे भाग विक्रीस निघाले, तरी शेंकडा ६७ भाग आजही राज्याचेच आहेत.

१९८५ सालीं, ही कंपनी राज्यासच डोईजड होईल या धास्तीनें, तेलक्षेत्रांतील तिचा मोठा वांटा सरकारनें थेट आपल्या हातीं घेतला. तो विवेक आम्हांस मान्य आहे. मालकानें रोजच्या व्यवहारांत ढवळाढवळ करूं नये, पण लगाम कोणाच्या हातीं आहे हें झांकूंही नये. समता व नॉर्वे यांचें सूचन करणारें नवें नांव कानास गोड लागतें खरें. परंतु धनी पडद्याआड गेल्यानें व्यापार स्वतंत्र होत नाहीं. जाब कोणास विचारावा, एवढेंच नागरिकांस कळेनासें होतें.