कर्ता नसलेला शब्द

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या मराठी मुलाला एकच घटना तीन शब्दांत शिकावी लागते. शाळेचं पुस्तक हिंदी, त्यात ‘हड़प नीति’. घरी आजोबा म्हणत, ‘नागपूर खालसा झालं.’ पुढे कॉलेजात इंग्रजी ग्रंथ हाती आला की ‘डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स’.

मला तिसरा फार आवडतो; खिसेकापूच्या हाताची सफाई आवडावी तसा. लॅप्सचं मूळ लॅटिन, अर्थ घसरणं, निसटणं. स्मरणाचा लॅप्स, लेखणीचा लॅप्स, मार्चअखेर न खर्चलेला निधी लॅप्स. कुणी काही करत नाही; मुदत सरते आणि हक्क आपसूक गळून पडतो. अकर्मक क्रियापदाची ही किमया. मात्र कायद्याच्या भाषेत त्याला एक शेपूट आहे: गळलेलं ते कुणाच्या तरी पदरात पडतं.

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाला मान्यता दिली नाही. १८५४ मध्ये राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, त्याबरोबर रायपूरसकट छत्तीसगडही. राजवाड्यातल्या हत्ती-घोड्यांचा लिलाव झाला, जवाहीर कलकत्त्याला रवाना झालं. हे सगळं म्हणे निसटलं! निसटलेल्या हत्तीवर बोली पुकारायला माणूस लागतोच की, पण लॅप्सच्या वाक्यात त्याला बसायला जागा नाही.

आपला ‘खालसा’ मधल्यामध्ये. मूळ अरबी, अर्थ निर्भेळ; म्हणजे मध्ये जहागीरदार नसलेला, थेट सरकारचा मुलूख. ‘केलं’ म्हणा की ‘झालं’, दोन्हीची सोय. आजोबा नेहमी ‘झालं’च म्हणत. हिंदी पुस्तकांतला दुसरा प्रतिशब्द ‘व्यपगत’; हा लॅप्सचा सोवळं नेसलेला भाऊ. वि, अप, गत: गेलं बुवा, कुठे ते विचारू नका.

‘हडप’ला मात्र तोंड आहे. शेवटच्या अक्षराला ओठ मिटतात आणि घास आत जातो. पोरांना तो एकदा ऐकून पाठ होतो. व्यपगत घोकावा लागतो.

परवा माझ्या विम्याचं पत्र आलं: पॉलिसी लॅप्स. मी हिला म्हटलं, ‘हडपली बघ.’ चष्मा लावून तिने तारखा वाचल्या. ‘तीन हप्ते तुम्हीच विसरलात.’