वारली चित्राच्या पाठाची झडती

आपल्या प्राथमिक शाळेत आदिवासी कुठल्या तासाला येतो? चित्रकलेच्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायचे. वर गोल डोकं, खाली काडीचे पाय. मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांची रांग. गेरूचा रंग, पांढरी रेघ, वहीवर शेरा 'छान'. झाला आदिवासी संस्कृतीचा पाठ.

कविता-कादंबरीची आपण झडती घेतो, तशी या पाठाचीही घ्यायला हवी. कारण कवितासंग्रह पाचशे माणसं वाचतात. पाठ लाखो पोरं गिरवतात.

पहिला सवाल : या चित्रातलं काय गाळलं?

हे चित्र मुळात लग्नाचं. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. आणि लग्न लावते धवलेरी. ती बाई असते, गाणी म्हणून लग्न लावते. भटजी लागत नाही. बाई पुरोहित असू शकते, हे चौथीतल्या पोरीला कळलं तर तिच्या डोक्यात केवढा उजेड पडेल! पण धवलेरी पाठात नाही. पाठात त्रिकोण आहे.

आणखी एक गाळलंय. याच लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरा-बायको त्याच्या घरी राबायला बांधली जात. त्याला लग्नगडी म्हणत. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली उठले. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्याबरोबर होती. त्या लढ्यानं वेठ आणि लग्नगडी मोडली. भिंतीवरचे दोन त्रिकोण म्हणजे तेच नवरा-बायको. पाठ त्यांना नाचवतो. त्यांची गुलामी सांगत नाही, आणि ती त्यांनीच मोडली हेही सांगत नाही.

कुणी म्हणेल, पोरं लहान आहेत, त्यांना हे कशाला? अहो, कुर्ल्याच्या झोपडपट्टीतल्या पोराला कर्ज म्हणजे काय ते शिकवावं लागतं काय? फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. शाळकरी पोरगी लिहू शकते, तर शाळकरी पोरं वाचू शकतात.

दुसरा सवाल : पाठात बोलतो कोण?

'आदिवासी जंगलात राहतात. ते निसर्गाची पूजा करतात.' वाक्य साधं आहे. पण वर्गात कातकरी पोर बसलं असेल तर त्यानं स्वतःला 'ते' म्हणायचं का? अस्पृश्यतेचा धडा सुरू झाला की वर्गातल्या माना कुठल्या बाकाकडं वळतात, हे या पानांच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच दुखण्यावर बोट ठेवते. आपल्या वतीनं दुसराच बोलतो, आणि आपण ऐकत राहायचं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तिथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास आणि संस्कृती सगळ्या विषयांतून यावी असं धोरण आहे. काकडू भागातले मूळ रहिवासी वर्षाचे सहा ऋतू मानतात. हे विज्ञानाच्या तासाला शिकवता येतं. म्हणून तिथं सगळं आबादीआबाद आहे असं नाही. गोरे आले तेव्हा ती जमीन कुणाचीच नव्हती, हे सोंग तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं खोडून काढायला १९९२ साल उजाडलं. पण मुद्दा घेण्यासारखा आहे. आदिवासीला जाणकार म्हणून वर्गात आणा, शोभेला नको. आपल्याकडं पावसाआधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. त्यावर भाताचं रोप करायचं आणि मग आवणी. हे शेतीचं ज्ञान आहे. ते परिसर अभ्यासात का नको?

आणि त्यासाठी कुर्ल्याहून लांब जायचीही गरज नाही. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते. आरे, साकीनाका करत कुर्ल्यात येते. आरेत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडं तोडली, तेव्हा पाड्यांवरच्या बाया रस्त्यावर आल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि मिठी कुर्ल्याच्या घराघरात शिरली. वरचं रान आणि खालची वस्ती एकाच पाण्यानं बांधलेली आहे. एवढा मोठा पाठ दाराशी वाहतोय आणि आम्ही पोरांना त्रिकोण काढायला लावतो.

पाठ करायचा तर असा करा. पाड्यावरच्या बाईला वर्गात बोलवा. नाचायला नव्हे, शिकवायला. तिला मानधन द्या, बसायला शिक्षकाची खुर्ची द्या. आणि स्वाध्यायाचा पहिला प्रश्न पाड्यावरच्या पोराला विचारू द्या, कुर्ल्याचं पोर उत्तर शोधील :

आमच्याकडून आलेलं पाणी तुमच्याकडं येईस्तोवर काळं कुणी केलं?