न जळणारा दाह

मधुमेहाने दृष्टी का जाते, याचे उत्तर आरोग्यपुस्तिकांत बहुधा एका वाक्यात उरकलेले असते: साखर वाढते आणि केशवाहिन्या खराब होतात. अलीकडच्या लेखांत त्यात ‘दाह’ या शब्दाची भर पडली आहे. भर योग्यच आहे. आक्षेप आहे तो शब्दाला.

दाह म्हटले की विद्यार्थ्यांना ‘डोळे येणे’ आठवते. रोमन लेखक सेल्ससने दाहाची चार लक्षणे सांगितली होती: लाली, सूज, उष्णता, वेदना. पण दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, तेथील बिघाड आरशात दिसत नाही. उरते सूज. तीही पीतबिंदूवर आली, की मगच अक्षरे वाकडी, पुसट दिसू लागतात. ‘दुखेल तेव्हा दाखवू’ हा घरोघरचा हिशेब या शब्दाने उलट पक्काच होतो.

आत घडते ते असे. साखर सतत चढी राहिली, की केशवाहिन्यांच्या अस्तरावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू वाढतात. चिकटलेल्या पेशी अस्तराला इजा करतात. वाहिनी कोठे पाझरते, कोठे बंद पडते. हे रेणू नसलेल्या मधुमेही उंदरांत ही हानी कमी होते, असे २००४ मध्ये दिसून आले.

मग दाहशामक गोळी का नको? लेख नेमके येथे गप्प बसतात. संधिवातासाठी सॅलिसिलेट घेणाऱ्या मधुमेहींत हा विकार कमी आढळतो, अशी नोंद १९६४ सालची. पण १९९१ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा रोज ६५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने विकार थांबला नव्हता. डोळ्यात टोचलेल्या स्टिरॉइडने सूज उतरते. मात्र डोळ्यातील दाब वाढण्याचा व मोतीबिंदूचा धोका असतो. एवढे सांगितले नाही, तर वाचक हळदीच्या दुधावर विसंबणार!

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील एका पाहणीत (२०१७) सुमारे १५ टक्के मधुमेहींत हा विकार आढळला. मनोरीतल्या मधुमेहीने खाडी ओलांडून मालाडला तपासणीला जायचे, बाहुली मोठी करणारे थेंब घालून घ्यायचे आणि पुसट नजरेने, सोबतीच्या आधाराने मार्व्याच्या धक्क्यावर परतीची बोट गाठायची. डोळा दुखत नसताना हा खटाटोप कोण करील? महापालिकेच्या दवाखान्यांतच स्मार्टफोनच्या साहाय्याने दृष्टिपटल तपासण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

वर्गात ‘दाह’ऐवजी ‘न दुखणारी सूज’ म्हणावे. घरी कोणाला मधुमेह असेल, तर यंदा डोळ्याचा पडदा तपासला का, हे विद्यार्थ्यांना विचारून यायला सांगावे.