श्रेयनामावलीतली रिकामी जागा

मायकेल विल्सनवर लिहिणारे बहुतेक जण अन्यायाच्या पाढ्यापासून सुरुवात करतात. तो पाढा खोटा नाही. 'अ प्लेस इन द सन' (१९५१) या चित्रपटासाठी हॅरी ब्राउनसोबत त्याला ऑस्कर मिळालं. पण त्याआधीच अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यानं कम्युनिस्ट पक्षाविषयीच्या प्रश्नांना उत्तर द्यायला नकार दिला होता. नाव काळ्या यादीत गेलं. 'फ्रेंडली पर्स्वेजन' (१९५६) पटकथाकाराच्या नावाविनाच पडद्यावर आला. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) त्यानं आणि कार्ल फोरमननं लिहिला, ऑस्कर मात्र मूळ कादंबरीचा फ्रेंच लेखक प्येर बुल याला. विल्सन १९७८ साली वारला. ती चूक अकादमीनं दुरुस्त केली त्यानंतर. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं (१९६२) श्रेय तर रायटर्स गिल्डनं १९९५ मध्ये मान्य केलं.

माझी तक्रार एवढीच, की या पाढ्यात विल्सन बळी म्हणून दिसतो, लेखक म्हणून दिसत नाही. तो पाहायचा तर 'सॉल्ट ऑफ द अर्थ'कडे (१९५४) जावं लागतं. यावर त्याचं नाव आहे, कारण तो काढला काळ्या यादीतल्याच मंडळींनी: दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन, निर्माता पॉल जॅरिको.

विषय न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीतला खरा संप. १९५१ मध्ये न्यायालयानं संपकऱ्यांना निदर्शनांची मनाई केली. हुकूम कामगारांपुरता होता. म्हणून त्यांच्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. विल्सन तिथे जाऊन राहिला, पटकथेचा खर्डा केला आणि तो खाणकामगारांना वाचायला दिला. त्यांनी हरकती घेतल्या. नायक रामोन दुसऱ्या बाईच्या नादी लागतो, हातातले शेवटचे पैसे व्हिस्कीवर उडवतो, हे प्रसंग त्यांना नको होते. मेक्सिकन पुरुष असाच असतो, हे गोऱ्यांना आधीपासूनच वाटतं, मग आपणच ते का दाखवायचं? विल्सननं ते काढून टाकले.

नाटक कळणारा कुणीही इथे दचकेल. नायकाचे दोष धुऊन काढले की प्रचारपट होतो, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. काही भाषणबाज प्रसंगांबद्दल अजूनही वाटतं. पण चित्रपट पुन्हा पाहताना लक्षात आलं, की कामगारांनी नेहमीचे, फिल्मी दोष काढायला लावले आणि घरातला दोष राहू दिला. घरात नळाचं गरम पाणी हवं, ही बायकांची मागणी रामोनला दुय्यम वाटते. मालकापुढे ताठ उभा राहणारा हा माणूस बायकोशी मालकासारखाच वागतो. ही विसंगती व्यभिचाराच्या उपकथेत सहज बुडाली असती.

रामोनचं काम केलं त्या संघटनेचा खरा अध्यक्ष हुआन चाकोन यानं. नायिका रोसाउरा रेव्हुएल्तास हिला चित्रीकरण चालू असतानाच अटक झाली, मेक्सिकोला परतावं लागलं. प्रयोगशाळा फिल्म धुवायला तयार नव्हत्या. चित्रपट लागला तो मोजक्याच थिएटरांत. इतरत्र ज्याचं नाव दुसऱ्यांनी पुसलं, त्यानं इथे लेखकाचा शेवटचा शब्द स्वतःहून सोडला होता.

आणि तरी एस्पेरान्सावर रामोन हात उगारतो, ती मागे सरत नाही आणि पुन्हा असं करायचं नाही असं त्याला बजावते, तो प्रसंग कामगारांनी काढायला लावला नाही.